ऋण संख्या : एका कल्पनेची घडण

विद्यालयाच्या स्मरणिकेत गणितावर लेख यावा आणि तो इतिहासाच्या शिक्षकाने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही येथे गणित शिकवावयास बसलेलो नाही. गणितातील कल्पनांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे आपल्या मुलांचे मोठे नुकसान होते, असे आमचे मत आहे. ते मत मांडण्यास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचतील अशा या स्मरणिकेहून योग्य जागा दुसरी नाही.

सहावी-सातवीच्या वर्गात पूर्णांक संख्या आल्या की दरवर्षी कोणी तरी विद्यार्थी विचारतोच, तीनातून पाच जातातच कसे? वाडग्यात तीन बोरे असतील तर पाच काढणार कोठून? पुढे तो आणखी विचारतो, उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे कोणी ठरवले? बहुतेक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते : नियम आहे, पाठ कर. मूल नियम पाठ करते, पण मनातील शंका तशीच राहते. एक शंका दुसरीवर साचत जाते आणि दहावीपर्यंत त्या मुलावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो. मग घरातील वडीलधारी माणसेही म्हणू लागतात, ‘आपल्यात गणिताचे डोके नाही.’ हे वाक्य आम्हांस सर्वांत घातक वाटते. डोके जन्माने मिळते आणि ते काही घराण्यांनाच मिळते, हाच समज या देशाने हजारो वर्षे आपल्या माथी मारला. तो आता आपल्याच तोंडून आपल्या लेकरांच्या कानी जाऊ लागला आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाचे शीर्षकच जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांविषयी होते. जी गोष्ट अनादी म्हणून सांगितली जाते तिला ‘तू कधी जन्मलीस, कशी वाढलीस आणि कशाच्या आधारे टिकलीस?’ असे विचारावे, हा धडा इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या निबंधातून घ्यावा. गणिताचे नियमही फळ्यावर अनादी असल्यासारखेच लिहिले जातात. म्हणून हाच प्रश्न आम्ही येथे एका लहानशा चिन्हाला, संख्येच्या आधी येणाऱ्या ‘उणे’ला, विचारणार आहोत.

ऋण या शब्दाचा मूळ अर्थ कर्ज. तेव्हा सुरुवात कर्जापासूनच केली पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. नाशिकच्या पांडवलेणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बौद्ध लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. लेणे भिक्खुसंघाला दान दिल्यावर त्याने त्याच्या खर्चासाठी ३००० काहापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने दिली. एका श्रेणीकडे २००० काहापण दरमहा शेकडा १ दराने, तर दुसरीकडे १००० काहापण दरमहा शेकडा पाऊण दराने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ काहापण मिळावेत, असे त्यात नमूद आहे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एका काहापणाचीही चूक नाही.

सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात शतमान व्याज आहे, मुद्दल आहे, आणि दुसऱ्याचे देणे सांभाळणारी कष्टकरी माणसांची संस्थाही आहे. मात्र आज आपण वापरतो ती अंकपद्धती नाही. त्या काळच्या ब्राह्मी अंकांत दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी वेगवेगळी चिन्हे होती. दोन हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हालाच दोनाची जोड देत. शून्याची गरज नव्हती. कर्ज होते, पण ‘ऋण संख्या’ नव्हती. विणकरांच्या श्रेणीला २००० देणे आहे, हे वाक्य ते लिहीत. ‘उणे २०००’ अशी संख्या मात्र ते लिहीत नसत. हा फरक लक्षात घेतला म्हणजे गणितातील कल्पनांच्या जन्माविषयी पहिली गोष्ट कळते. आधी व्यवहार येतो, संख्या मागाहून येते. माणसे शतकानुशतके एखादी गोष्ट हाताने करीत असतात, आणि तिच्याकडे स्वतंत्र वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी फार उशिरा येते.

ही दृष्टी एकाच देशात आली असेही नाही. चीनमध्ये ‘नऊ प्रकरणे’ या नावाने ओळखला जाणारा एक प्राचीन ग्रंथ आहे. तेथील गणक पाटावर बारीक काड्या मांडून हिशेब करीत. अनेक अज्ञात राशींची समीकरणे सोडवताना मध्येच लहान संख्येतून मोठी संख्या वजा करण्याची वेळ येई. तेव्हा काम थांबू नये म्हणून त्यांनी दोन रंगांच्या काड्या वापरल्या. इ. स. २६३ मध्ये त्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू हुई याने धन संख्येसाठी तांबड्या आणि ऋण संख्येसाठी काळ्या काड्यांचा उल्लेख केला आहे. आजच्या हिशेबात तोटा तांबड्या शाईने लिहितात, म्हणजे रंग नेमके उलटले. चिन्ह कोणते घ्यावे हा संकेत आहे, आणि संकेत बदलू शकतो.

जवळपास त्याच शतकात अलेक्झांड्रियात डायोफँटस नावाचा थोर गणिती होऊन गेला. ज्याचे उत्तर ऋण येते असे एक समीकरण त्याच्यासमोर आले तेव्हा त्याने ते असंगत म्हणून सोडून दिले. गंमत अशी की उणे गुणिले उणे बरोबर अधिक हा नियम त्याला ठाऊक होता. पण तो वजाबाकी असलेल्या दोन कंसांचा गुणाकार करण्यापुरता होता. ऋण संख्या स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, हे त्याला मान्य नव्हते. अर्थात नियम आधी आला आणि ज्या वस्तूचा तो नियम, ती वस्तू मागून आली. गणिताच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे.

ऋण संख्येच्या घडणीत शून्याचे स्थान मोठे आहे, कारण धन आणि ऋण यांच्यामधील उंबरठा तोच. बॅबिलोनमधील लिपिकांनी साठावर आधारलेल्या स्थानमूल्य पद्धतीत रिकामी जागा दाखवण्यासाठी ख्रिस्तपूर्व काळातच एक खूण वापरली. मध्य अमेरिकेतील माया लोकांनी स्वतंत्रपणे शून्याचे चिन्ह घडवले. भारतात स्थानमूल्याची कल्पना कशी रुजली याचा एक सुंदर पुरावा बौद्ध वाङ्मयात आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात भदंत वसुमित्र यांचे एक मत येते. भूत, वर्तमान आणि भविष्य यांतील भेद समजावताना ते मोजणीच्या गोटीचा दाखला देतात. तीच गोटी एककाच्या जागी ठेवली तर एक, शतकाच्या जागी ठेवली तर शंभर आणि सहस्राच्या जागी ठेवली तर हजार. येथे लक्षात घ्यावे की दाखला नेहमी श्रोत्यांना आधीच परिचित असलेल्या गोष्टीचा दिला जातो. म्हणजे तत्त्वज्ञांनी गणकांकडून उसने घेतले. बाजारात आणि हिशेबाच्या पाटावर जे रोज घडत होते, ते विहारातील चर्चेत उपमा होऊन आले.

पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरील एक हस्तलिखित सापडले. ते आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शून्यासाठी ठिपका आहे, आणि ऋण संख्या दाखवण्यासाठी संख्येपुढे जी खूण केली आहे ती आजच्या अधिक चिन्हासारखी दिसते. २०१७ साली त्याच्या पानांची कार्बन-कालगणना जाहीर झाली, तेव्हा वेगवेगळ्या पानांचे काळ एकमेकांपासून काही शतके दूर निघाले आणि त्यावर अभ्यासकांत वाद झाला. हा वाद आम्हांस उणेपणाचा वाटत नाही. पुरावा तपासावा, पुन्हा तपासावा आणि निष्कर्ष त्याच्या मापाने ठेवावा, हीच अभ्यासाची रीत आहे.

येथे आमच्या समाजबांधवांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. सगळे गणित वेदांत होते, असे सांगणाऱ्यांची आज चलती आहे. ‘वैदिक गणित’ या नावाचे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे उपलब्ध अथर्ववेदात किंवा त्याच्या परिशिष्टांत आढळत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भरभर गुणाकार करण्याच्या त्या युक्त्या उपयोगी असतील, परंतु त्यांना वेदांचा आधार आहे हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. हे आपण ठामपणे म्हणतो, आणि म्हटलेच पाहिजे. मग तीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. नागार्जुनाच्या शून्यतेतून गणितातील शून्य जन्मले, असे आपल्या व्याख्यानांतून अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. शब्द एकाच मूळाचा आहे, हे खरे. पण नागार्जुनाची शून्यता ही वस्तूंना स्वतंत्र, अचल स्वभाव नसतो असे सांगणारी तत्त्वदृष्टी आहे, आणि गणितातील शून्य ही बेरीज-वजाबाकी होऊ शकणारी संख्या आहे. एकीतून दुसरे निघाले असे दाखवणारा पुरावा आपल्यापुढे नाही. शब्द एक म्हणून वंश एक, असे मानता येत नाही. ज्या तथागतांनी परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मानू नका असे कालामांना सांगितले, त्यांच्या अनुयायांनी पुराव्यावाचून अभिमान बाळगणे शोभत नाही. वसुमित्रांचा दाखला खरा आहे, नाशिकचा हिशेब खरा आहे, आणि तेवढे आपल्याला पुरेसे आहे.

ऋण संख्येला प्रथम नियमांची पूर्ण चौकट दिली ती ब्रह्मगुप्ताने, इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात. तो आजच्या राजस्थानातील भीनमाळचा. त्याने धन, ऋण आणि शून्य यांना एका पंक्तीत बसवले. दोन ऋणांची बेरीज ऋण, शून्यातून ऋण वजा केले तर धन, शून्यातून धन वजा केले तर ऋण, आणि ऋण गुणिले ऋण बरोबर धन. नाशिकच्या लेण्यात जे देणे होते ते येथे पाच शतकांनंतर संख्या झाले. मात्र याच ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असेही लिहिले, आणि ते आज मान्य नाही. पुढे इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीर या जैन आचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असे म्हटले आहे. तेही आज मान्य नाही. ११५० सालच्या भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली. आजचे गणित सांगते की शून्याने भागाकार ही क्रिया अर्थपूर्ण रीतीने करताच येत नाही. थोर मंडळींची उत्तरे पाच-सहाशे वर्षे अशी बदलत गेली, तर आठवड्यातील दोन तासिकांत एखादे मूल गोंधळले म्हणून त्याला मंद कसे म्हणावे?

भास्कराचार्यांचे एक उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. वानरांच्या एका कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले आणि आलेल्या संख्येचा वर्ग केला. तितकी वानरे गुहेत गेली आणि एक वानर झाडावर उरले. तर कळपात वानरे किती? वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. उत्तर ५० येते : पाचवा भाग १०, त्यातून तीन गेले की ७, त्याचा वर्ग ४९, आणि झाडावरचे एक धरून ५०. पण ५ हेही उत्तर येते. पाचवा भाग १, त्यातून तीन वजा केले की उणे २, त्याचा वर्ग ४, आणि एक धरून ५. भास्कराचार्यांना दोन्ही उत्तरे दिसली. तरी त्यांनी दुसरे घेतले नाही. प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण राशीची लोकांना प्रतीती येत नाही, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले. ऋणाचे सर्व नियम हाती असलेला हा गणिती उणे दोन वानरांपाशी थबकला. सहावीतील मूल बोरांच्या वाडग्यापाशी थबकते ते याच ठिकाणी. त्या मुलाची शंका अडाणीपणाची नाही, ती भास्कराचार्यांच्या तोलाची आहे, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने यादवकाळात चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशातच शिकवले जात होते. पण कोणाला? संस्कृत पद्यांत बांधलेली ती विद्या शिकण्याची मुभा ज्यांना होती, त्यांच्यात शेत कसणारा, चामडे कमावणारा, गावकुसाबाहेर राहणारा नव्हता, आणि स्त्रीही जवळपास नव्हतीच. हिशेब मात्र सगळ्यांचाच होत असे. पुढे कितीतरी पिढ्या आपल्या पूर्वजांनी सावकाराच्या वहीत अंगठे उठवले. आपल्या नावापुढे किती ऋण मांडले आहे, हे वाचण्याची विद्या त्यांच्यापासून दूर ठेवली गेली. ज्याला आपले ऋण वाचता येत नाही, त्याचे ऋण कधी फिटत नाही. ऋण संख्येच्या इतिहासाची ही बाजू पाठ्यपुस्तकात येत नाही. आपण ती विसरू नये.

कल्पना प्रवास करतात, पण अखंड करीत नाहीत. इ. स. ६६२ मध्ये सीरियातील विद्वान धर्मगुरू सेवेरस सेबोख्त याने भारतीयांच्या नऊ अंकचिन्हांची प्रशंसा केली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी याने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. पण त्याने ऋण संख्या स्वीकारली नाही. ऋण राशी टाळण्यासाठी त्याने वर्गसमीकरणांचे सहा वेगळे प्रकार केले. अंक गेले, शून्य गेले, ऋण मात्र मागे राहिले. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीने हे अंक युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिले. त्यानेही उत्तर ऋण आले तर त्याचा अर्थ ‘कर्ज’ असा लावूनच ते पत्करले. पुन्हा तोच व्यवहाराचा आधार! १२९९ साली फ्लॉरेन्स शहरातील सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना जमाखर्चात हे नवे अंक वापरण्यास मनाई केली. ज्या अंकांवर आज सारे जग चालते, त्यांनाही एके काळी दाराबाहेर उभे केले होते.

युरोपात ऋण संख्येला झालेला विरोध तर थक्क करणारा आहे. १५४५ साली कार्दानोने ऋण उत्तरांना काल्पनिक म्हटले. १६३७ साली देकार्तने त्यांना खोटी म्हटले. १६८५ साली इंग्लंडमधील जॉन वॉलिसने एक सोपी वाट काढली. एक माणूस पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर तो मूळ जागेपासून किती पुढे आहे? उणे तीन यार्ड. आपल्या पाठ्यपुस्तकातील संख्यारेषेमागे हीच कल्पना आहे. तरीही १७५८ साली फ्रान्सिस मॅसरीज आणि १७९६ साली विल्यम फ्रेंड यांनी ऋण संख्या बीजगणितातून हद्दपार कराव्यात म्हणून ग्रंथ लिहिले. तमिळनाडूतील मदुराई येथे जन्मलेला ऑगस्टस डी मॉर्गन हा तर मोठा तर्कशास्त्रज्ञ. १८३१ साली त्याने एक उदाहरण दिले. वडील ५६ वर्षांचे, मुलगा २९ वर्षांचा, तर वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? उत्तर येते उणे दोन वर्षांनी. डी मॉर्गनला हे उत्तर असंगत वाटले. प्रश्नच चुकीचा विचारला आहे, वडिलांचे वय दुप्पट केव्हा होते असे विचारा, असे त्याचे म्हणणे. दोन वर्षांपूर्वी वडील ५४ आणि मुलगा २७, हे आपल्या विद्यालयातील कोणतीही मुलगी आज सहज सांगेल. डी मॉर्गनहून ती बुद्धीने मोठी आहे म्हणून नव्हे. तिच्या हाती जी कल्पना आली आहे ती दोन हजार वर्षे घासून गुळगुळीत झालेली आहे, म्हणून.

मग हा वाद मिटला कसा? एखाद्या पीठाने आज्ञा काढली म्हणून नव्हे, आणि बहुमत झाले म्हणूनही नव्हे. १८३० च्या सुमारास जॉर्ज पीकॉक आणि त्यानंतरच्या गणित्यांनी प्रश्नाचे रूपच बदलले. ‘ऋण संख्या म्हणजे कोणती वस्तू?’ असे न विचारता ‘संख्यांचे जे नियम आपण मानतो ते ऋण संख्या घेतल्यावरही अबाधित राहतात का?’ असे ते विचारू लागले. त्याचा मासला साध्या आकड्यांत पाहता येतो. ८ गुणिले ७ बरोबर ५६. आता ८ ऐवजी १० वजा २ आणि ७ ऐवजी १० वजा ३ लिहा. दहा दाहे शंभर. दहा त्रिक तीस वजा, दोन दाहे वीस वजा, उरले ५०. आता राहिला उणे २ गुणिले उणे ३. हा गुणाकार अधिक ६ धरला तर ५६ येतात. उणे ६ धरला तर ४४ येतात, आणि आठ साते चव्वेचाळीस तर कोणीच म्हणणार नाही. म्हणजे हा नियम कोणी मनाला येईल तसा ठरवलेला नाही. नेहमीच्या पाढ्यांशी प्रामाणिक राहायचे असेल तर दुसरा पर्यायच उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेडेकिंड आणि पेआनो यांनी तर १, २, ३ या साध्या संख्यांचाही पाया नव्याने तपासला. आता ऋण संख्या ही दोन साध्या संख्यांची जोडी मानता येते : जमा किती आणि खर्च किती. जमा ३, खर्च ५ ही जोडी आणि जमा १०, खर्च १२ ही जोडी एकच, आणि तिचे नाव उणे २. जमाखर्चाच्या वहीतून निघालेली कल्पना इतका फेरा करून शेवटी शुद्ध तर्काच्या रूपाने पुन्हा जमाखर्चाच्या जोडीपाशीच आली.

या इतिहासातून आम्ही दोन निष्कर्ष काढतो. पहिला असा की गणितातील कल्पना मनुष्यनिर्मित आहेत. त्या कोणा एका वंशाच्या, धर्माच्या वा देशाच्या नाहीत. चिनी गणक, सीरियन धर्मगुरू, जैन आचार्य, बौद्ध भदंत, बगदादचे विद्वान आणि ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत असे कितीतरी विणकर, सराफ आणि मोजणीदार यांच्या हातून त्या घडल्या. म्हणून त्या शिकण्याचा हक्क प्रत्येक माणसाचा आहे. दुसरा निष्कर्ष असा की मनुष्यनिर्मित म्हणजे मनमानी नव्हे. जातिसंस्थाही माणसांनीच निर्माण केली, परंतु तिला प्रश्न विचारताच तिचा आधार कोसळतो, कारण तिला आधार फक्त सत्तेचा आणि धाकाचा असतो. गणितातील कल्पनेला पाचशे वर्षे प्रश्न विचारले तर ती अधिक भक्कम होते. प्रश्न विचारल्यावर काय कोसळते आणि काय उभे राहते, यावरूनच खऱ्याखोट्याचा निवाडा होतो. हे मुलांना कळण्यासाठी गणिताच्या तासासारखी दुसरी जागा नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की ‘नियम आहे, पाठ कर’ हे वाक्य आपण फळ्यासमोरून कायमचे काढून टाकावे. दोन रंगांच्या चिंचोक्यांनी किंवा गोट्यांनी ऋण संख्या शिकवता येतात. पैसे खर्च होत नाहीत, आणि चीनमधील गणक हेच करीत असत. सहलीला पांडवलेणी पाहावयास नेलेल्या मुलांना वंदना झाल्यावर उषवदाताच्या ठेवीचा हिशेब करावयास बसवावे. दुसऱ्या श्रेणीकडील १००० काहापणांवर शेकडा पाऊण दराने वर्षाला किती व्याज होते, हे त्यांनी लेण्याच्या सावलीत काढावे. उत्तर ९० यायला हवे. पालकांनी ‘आपल्यात गणित नाही’ हे वाक्य घरात उच्चारू नये, मुलींपुढे तर मुळीच नाही. आपण विणकरांच्या त्या श्रेणींचे वारस आहोत, असे मनाशी धरले तरी चालेल. रक्ताचे नसू, पण कष्टाने आणि हिशेबाने त्यांचे वारस आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज बँकेत, लेखा कार्यालयात, अभियांत्रिकीत किंवा संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार वसतिगृहात येऊन मुलांच्या शंका ऐकाव्यात. उत्तरे देण्याची घाई करू नये. आधी शंका नीट ऐकाव्यात.

तीनातून पाच कसे जातात, असे एखाद्या मुलीने विचारले तर तिला गप्प करू नका. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, हा प्रश्न फार जुना आहे, चल, आपण दोघे मिळून पाहू.